टॅलीकाका

पैसे कमी पडल्यामुळे झोप उडालेली माणसं घरोघरी असतात. टॅलीकाकांची झोप पैसे जास्त झाल्याने उडते. जास्त म्हणजे फार नव्हेत. २०२२ च्या दिवाळीत त्यांना जागवलं ते चौदा रुपये तीन पैशांनी. हे १४.०३ रुपये बँकेत नव्हते, पाकिटात नव्हते, फंडवाल्यांकडेही नव्हते. ते फक्त काकांच्या लॅपटॉपवर, म्युच्युअल फंडाच्या खात्याखाली 'रोख' असं लिहिलेल्या ओळीत होते आणि तिथे शून्य हवं होतं.

दुसरा कुणी म्हणाला असता, असू देत, चावतायत का? काकांनी मला फोन करून वर बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवून हलक्या आवाजात विचारलं, "हे पैसे कुणाचे आहेत?"

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. एका सरकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. लोक जिन्यात भेटले की 'जेवण झालं का' विचारतात, काका 'टॅली झालं का' विचारतात. त्यावरून पोरांनी हे नाव पाडलं. काकांना ते आवडत नाही, पण त्यांचं कारण आपल्याला सुचणार नाही असं आहे. "टॅली हे दुकानदारांचं सॉफ्टवेअर आहे," ते म्हणतात. "मी ग्नूकॅश वापरतो."

माणसांचे दोन पंथ असतात, साधारण आणि नेमके. 'साधारण किती शिल्लक असेल?' या प्रश्नाला पहिल्या पंथातला माणूस आकडा सांगतो. दुसऱ्या पंथातला प्रतिप्रश्न करतो : "कुठल्या तारखेअखेर?" टॅलीकाका दुसऱ्या पंथाचे मठाधिपती आहेत. मी पहिल्या पंथात जन्मलो आणि तिथेच सुखी आहे. काकांना श्रोता म्हणून नेमका असाच माणूस लागतो. नेमक्या पंथातला दुसरा माणूस समोर आला तर वाद होतो, आणि वादात आकडेमोड थांबते.

नेमकेपणाची ही सवय बँकेतली. संगणक येण्याआधी शाखांमध्ये बॅलन्सिंग नावाचा प्रकार असे. एकेका खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लका कागदावर उतरवायच्या, त्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. जुळली तर घरी. नाही जुळली तर फरक शोधायचा आणि शेवटची लोकल चुकवायची. या शोधाची दोन जुनी शस्त्रं काकांना त्यांच्या पहिल्या हेडक्लार्कने दिली. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर कुणीतरी अंकांची अदलाबदल केली असण्याचा दाट संशय. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडली तर ती नोंद नावेऐवजी जमेला गेली, किंवा उलट. मुलीच्या बारशाच्या दिवशी शाखेत ९०० रुपयांचा फरक उघडा होता. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, सगळ्या बायका गप्प झाल्या आणि त्या शांततेत काका ओरडले, "चोपन्नशेचे पंचेचाळीसशे!" दुसऱ्या दिवशी शाखेत नेमकी तीच चूक निघाली. काकू हा प्रसंग अजून सांगतात, पण कौतुकाने सांगत नाहीत.

बँकेत असतानाच काकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : कमी पडलेल्या रोखीपेक्षा जास्त निघालेली रोख वाईट. कमी पडली तर कॅशियर खिशातून भरतो, हळहळतो आणि विषय संपतो. जास्त निघाली तर कुणाचं तरी नुकसान तुमच्या टेबलावर पडलेलं असतं आणि तो माणूस कोण हे तुम्हाला ठाऊक नसतं. अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि तो दावा करायला येईपर्यंत वाट पाहायची. म्हणून घरच्या लॅपटॉपवर १४.०३ रुपये वर आले तेव्हा काकांनी मालकाची चौकशी केली.

पण मुळात ते लॅपटॉपवर आले कसे, तर वही सुटल्यामुळे. निवृत्तीनंतर काकांनी गुंतवणुकीचं रजिस्टर लांब पानांच्या वहीत, निळ्या आणि लाल शाईत ठेवलं होतं. वहीचा मोठा गुण असा की ती उलट बोलत नाही. दहा हजारांचा हप्ता गेला, १७४.४६१ युनिट आले, असं लिहिलं की वही मान डोलावते. त्या दोहोंमधला गुणाकार बरोबर आहे का, हे विचारायची तिची हिंमत नसते. मग भाच्याने काकांना ग्नूकॅश बसवून दिलं. फुकट आहे हे एक कारण, आणि दुहेरी नोंद सक्तीची आहे हे दुसरं. दुसऱ्या कारणाने काका विरघळले. या पद्धतीचं पहिलं छापील विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने केलं, हे काकांना पाठ आहे. त्याच्या चित्राची रंगीत प्रत त्यांनी लॅपटॉपच्या मागच्या भिंतीवर लावली. दसऱ्याला काकूंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि साधू दिसतो आहे म्हणून पाचोलीलाही झेंडूचं एक फूल वाहिलं.

ग्नूकॅश या संगणक-कार्यक्रमाचा स्वभाव थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इथे कुठलीच रक्कम एकटी हिंडत नाही. ती कुठून आली आणि कुठे गेली, दोन्ही लिहावं लागतं. तुम्ही एक टोक विसरलात तर कार्यक्रम भांडत नाही. तो गुपचूप 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाचं खातं स्वतःच उघडतो आणि फरक तिथे टाकतो. काकांनी हे खातं पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी त्यांचा रक्तदाब मोजावा लागला. "मला न विचारता खातं उघडलं! सही नाही, केवायसी नाही!"

ते खातं एकाच संध्याकाळी रिकामं झालं. खरा धक्का पुढे होता. ब्रोकरकडच्या खात्याची रोख शिल्लक उणे १,८४,३५० दिसू लागली. काकू चहा घेऊन आल्या, चष्मा पुढे सरकवून वाचलं आणि म्हणाल्या, "उणे पैसे कसे असतील? नसले की नसतात."

एका ओळीत त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. काकांकडे १९८० च्या दशकातले कागदी शेअर होते, ते नंतर डीमॅट झाले. काकांनी डीमॅट झाल्याच्या तारखेला ते 'खरेदी' म्हणून टाकले, त्या दिवशीच्या भावाने, ब्रोकरच्या रोखीतून. त्या रोखीत कधीच पैसे नव्हते. शेअर डीमॅटच्या पंधरा वर्षं आधी, बापाच्या पैशाने, दुसऱ्याच दलालाकडून घेतलेले होते. अशा जुन्या मालाची नोंद सुरुवातीची शिल्लक म्हणून करायची असते, तिचा रोखीशी संबंध नाही. दुरुस्ती केली तरी ४१,२०० उणे उरले. ते बोनस शेअर निघाले. एकास एक मिळालेले शंभर शेअर काकांनी ४१२ च्या भावाने 'घेतले' होते. फुकट मिळालेल्या गोष्टीचे पैसे द्यायची ही त्यांच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची वेळ.

मोठे आकडे असे पटापट पडतात. लाखांची चूक लपायला जागाच नसते, खरा छळ पैशांचा. सगळं सरळ झाल्यावर म्युच्युअल फंडाखाली ते १४.०३ उरले. काकांनी ते १४०३ पैसे असे लिहून काढले. नवाने भाग जाईना. विषम संख्या, म्हणून निम्मं करता येईना. हेडक्लार्कची दोन्ही शस्त्रं एका रात्रीत बोथट झाली.

त्यात दिवाळीला बंगळुरूहून मुलगा आला. हा साधारण पंथात गेलेला मुलगा. घराण्यात असं एखादं निघतंच. बाप तीन रात्री जागा आहे हे पाहून त्याला दया आली. काका नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाला गेले तेवढ्यात त्याने ताळमेळाची खिडकी उघडली, तिथलं बॅलन्सचं बटण दाबलं आणि १४.०३ रुपये 'किरकोळ खर्च' दाखवून शिल्लक शून्य केली. उटणं लावलेल्या अंगाने काका बाहेर आले आणि शून्य पाहून क्षणभर हरखले. मग त्यांनी नोंद उघडली.

फराळ झाला नाही. अगदी झालाच नाही असं नव्हे, बाकीच्यांनी केला. काका पाटावर बसून मुलाला म्हणाले, "भिंतीला ओल आली म्हणून कॅलेंडर टांगलंस. ओल गेली?"

"बाबा, चौदा रुपये आहेत. मी देतो तुम्हाला."

"तू कशाला देतोस? ते जास्त आहेत! तू दिलेस तर अठ्ठावीस होतील."

हा हिशेब मुलाला कळायला थोडा वेळ लागला, मला अजून लागतो आहे. पण त्यानंतर काका जे बोलले ते साधारण पंथातल्या माणसानेही ऐकून ठेवावं. "फरक चौदा रुपयांचा दिसतो म्हणून चूक चौदा रुपयांची आहे असं कोण म्हणालं? एक चूक दोन लाख अधिकची असेल आणि दुसरी एक लाख नव्याण्णव हजार नऊशे पंच्याऐंशी रुपये सत्त्याण्णव पैसे उणेची असेल, तरी इथे चौदा रुपये तीन पैसेच दिसतील." एवढा आकडा त्यांनी तोंडी वजा करून सांगितला. मुलगा गप्प बसला. मी चकली घेतली.

भाऊबीजेच्या दुपारी सुगावा लागला. काकांनी फंडाच्या रोखीची शिल्लक हप्त्यागणिक खाली खाली उतरवून पाहिली. हप्ते २०१७ पासूनचे. जून २०२० पर्यंत पैसा-दोन पैशांची वर-खाली कुरकुर, बाकी स्वच्छ. जुलै २०२० चा हप्ता पडला आणि शिल्लक पन्नास पैशांनी वर गेली. ऑगस्टला आणखी पन्नास. सप्टेंबरला आणखी. काकांनी बोटांवर महिने मोजले. जुलै २०२० ते ऑक्टोबर २०२२, हप्ते अठ्ठावीस. अठ्ठावीस अर्धे चौदा.

१ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागू झालं. दहा हजारांवर पन्नास पैसे. म्हणजे बँकेतून दहा हजार जातात आणि युनिट ९,९९९.५० रुपयांचे मिळतात. काकांनी दहा हजार फंडात पाठवले, त्यातून युनिट घेतले, उरलेले पन्नास पैसे खात्यात बसून राहिले. सरकारने ते केव्हाच उचलले होते, फक्त काकांच्या लॅपटॉपला कुणी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे स्टेटमेंटवर प्रत्येक हप्त्याखाली या शुल्काची वेगळी ओळ छापलेली होती. ओळीच्या दोन्ही बाजूंना तारे होते, म्हणून काका ती जाहिरात समजत होते.

उरले तीन पैसे. ते गुणाकाराचे. युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत देतात आणि एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, चार स्थळांपर्यंत. काकांनी मला कागदावर करून दाखवलं : १७४.४६१ गुणिले ५७.३१६४ म्हणजे ९,९९९.४८. दिले ९,९९९.५०. दोन पैसे दशांशात विरघळले. पुढच्या हप्त्यात एखादा पैसा उलट येतो. अशा वेळी ग्नूकॅश विचारतं : युनिट, भाव आणि रक्कम यांचा मेळ बसत नाही, तिघांपैकी कोणता आकडा बदलू? "तिन्ही छापील आहेत," काका म्हणाले, "कुणाला खोटं पाडू?" शेवटी भाव बदलायचा असतो, कारण युनिट आणि रक्कम या तुमच्या हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत आणि भावाचा चौथा दशांश कुणाच्या खिशात पडत नाही. हे काकांना बुद्धीने पटलं, मनाने नाही.

त्यांनी 'मुद्रांक शुल्क' नावाचं खातं उघडलं आणि त्यात पन्नास पैशांच्या अठ्ठावीस नोंदी, एकेक तारीख घालून, केल्या. तीन पैशांसाठी 'पूर्णांकन' नावाचं खातं काढलं. मुलगा म्हणाला, "मग मी वेगळं काय केलं होतं?" काकांनी चष्मा काढला. "कारण कळलेला फरक हा खर्च. न कळलेला फरक हा गुन्हा." त्या रात्री काका नऊला झोपले.

या विजयानंतर काकांची प्रॅक्टिस वाढली. पहिला परदेशी रुग्ण घरातलाच, न्यू जर्सीचा जावई. जिच्या बारशात चोपन्नशे सापडले तिचा नवरा. तो क्विकन वापरतो. त्याच्या गुंतवणूक खात्यात रोख उणे ६,४१२ डॉलर दिसत होती आणि ब्रोकर म्हणत होता सगळं व्यवस्थित आहे. व्हिडिओ कॉल लागला. जावयाशी काका अत्यंत अदबीने बोलतात, त्यामुळे ते ऐकायला पोलिस चौकशीहून भयंकर वाटतं.

"जावईबापू, उणे इकडे जेवढे, अधिक दुसरीकडे कुठे तेवढेच आहेत का, बघता का जरा?"

होते. मनी मार्केट फंडात सहा हजार चारशे बाराच डॉलर जास्त. तिकडचे ब्रोकर खातेदाराची मोकळी रोख परस्पर अशा फंडात सरकवतात, ज्याचा भाव एक डॉलरवर धरून ठेवलेला असतो. रोख आत गेली ती 'खरेदी' म्हणून कार्यक्रमात उतरली. शेअर घ्यायला तीच रोख बाहेर आली तेव्हा फंडाच्या विक्रीची नोंद मात्र उतरली नाही. कार्यक्रमाच्या लेखी त्याच पैशांनी आधी फंड घेतला आणि मग शेअरही. हा फंड शेअर नव्हे, रोखच आहे असं समजून त्याच्या खरेदीच्या नोंदी काढून टाकल्या की उणे आणि अधिक एकमेकांत मिटतात. हे काकांनी अमेरिकेत पाऊल न ठेवता सांगितलं. जावयाने भीत भीत आणखी एक गोष्ट विचारली : शेअरची संख्या जुळत नसली की क्विकन 'प्लेसहोल्डर' नावाची नोंद करतं. शेअर वाढतात, रोख हलत नाही.

"शेअर आले आणि पैसे गेले नाहीत?" काका म्हणाले. "आमच्या बँकेत याला दरोडा म्हणत."

घरच्या ब्रोकरच्या कागदांवर काकांचं विशेष प्रेम आहे. पन्नास हजारांची डिलिव्हरी घेतली की दलालीखेरीज ५० रुपये एसटीटी, साडेसात रुपये मुद्रांक शुल्क आणि सेबीची फी पाच पैसे. कोटीला दहा रुपये या दराने पन्नास हजारांवर पाच पैसेच येतात. ते पाच पैसे काका स्वतंत्र लिहितात. "देशाचा बाजार ताब्यात ठेवायला माझाही हातभार आहे," असं म्हणताना ते अजिबात हसत नाहीत. विक्रीवरचा डीपी चार्ज मात्र कॉन्ट्रॅक्ट नोटवर नसतो, तो ब्रोकरच्या लेजरमध्ये नंतर उगवतो. तो जीएसटीसकट टिपला नाही की प्रत्येक विक्रीनंतर तुमची रोख थोडी फुगलेली दिसते. फुगलेली रोख काकांना लांबून ओळखू येते.

असा माणूस ज्या प्रकरणात हरला ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. त्यांनी काही शेअर विकले होते. कार्यक्रमात ब्रोकरकडे रोख २३,४१७ दिसत होती. ब्रोकरच्या संकेतस्थळावर शून्य. या वेळी फरक पैशांचा नव्हता, रुपयांचा होता, आणि रक्कम पूर्ण नाहीशी होती. काकांनी डीपी चार्ज तपासले, दलाली तपासली, नवाने भाग देऊन पाहिला. भाग जात नव्हता. सात दिवस ते लेजर छापून उशाशी घेऊन झोपत होते. शेवटी ब्रोकरला पत्र लिहिलं, तीन पानी, परिच्छेदांना क्रमांक देऊन. उत्तर एका ओळीचं आलं : रक्कम नियमानुसार आपल्या बँक खात्यात परत केली आहे.

हा सेबीचा नियम काकांना ठाऊक होता. ग्राहकाची पडून राहिलेली रोख ब्रोकरने ठरावीक काळाने, महिन्याला किंवा तिमाहीला, खातेदाराच्या पसंतीप्रमाणे, परत करायची असते. पण त्यांच्या बँक खात्यात ती आलेली नव्हती. त्यांनी पासबुक दोनदा वाचलं. मग आठवलं की डीमॅटला जोडलेलं खातं दुसरं आहे. संयुक्त. त्याचा हिशेब काकू ठेवतात आणि तिथे काकांचा अंमल चालत नाही.

"अगं, तुझ्या खात्यात तेवीस हजार आले होते का?"

"हो की. मार्चमध्ये."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या शेअरवाल्याकडून आले, मला वाटलं तुम्हीच पाठवलेत. लग्नाचा वाढदिवस होता ना. मिक्सर घेतला, उरलेले भिशीला घातले." आणि मग, जरा थांबून, "तुम्हाला आठवण आहे म्हणून बरं वाटलं होतं."

काकांनी त्यांची वही मागितली. ही वही मीही पाहिली आहे. सोसायटीने फुकट वाटलेली, मुखपृष्ठावर गणपती. काकूंची पद्धत घरातल्या बायकांची जुनीच आहे : दूध, वाणी, भाजी, देणं-घेणं, आणि यांपैकी कशात न बसणारं सगळं 'किरकोळ'. काकांनी आयुष्यभर या किरकोळची टिंगल केली. आता त्यांनी मार्चचं पान काढलं. जमा, किरकोळ, शेअरवाला, २३,४१७. त्याखाली खर्च, मिक्सर, ६,२५०. भिशी, १७,१६७. काकांनी बेरीज केली. पुन्हा केली. बरोबर होती. तारखा बँकेच्या पासबुकाशी जुळत होत्या. काकांच्या ग्नूकॅशमध्ये सुटलेलं दुसरं टोक गणपतीच्या वहीत, बॉलपेनने, मार्चपासून लिहिलेलं होतं.

काका बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिने पाचोली वाचलेला नाही." हे उद्गार कौतुकाचे होते असं मी काकूंना सांगितलं. त्यांना ते पटलेलं नाही.

त्या दिवसापासून काकूंची वही महिन्याला एकदा लॅपटॉपशेजारी येते. काका तिला 'शाखा कार्यालय' म्हणतात. तिची तपासणी करताना एकदा डब्यातली रोख वहीपेक्षा ६४० रुपये जास्त निघाली. "मग घ्या की, वाढलेच आहेत ना!" असं म्हणून काकू नळाचं पाणी भरायला गेल्या. आजवर ते ६४० रुपये 'सस्पेन्स' या नावाने ग्नूकॅशमध्ये आहेत आणि एका पाकिटात प्रत्यक्षही आहेत. पाकिटावर तारीख आहे. दावा करायला कुणी आलेलं नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेबद्दल मी मुद्दामच लिहीत नाही. काका खजिनदार होते तेवढी वर्षं ती सभा जेवणाच्या वेळेत संपली नाही एवढंच सांगतो, आणि त्याच वर्षांत लिफ्टच्या कंत्राटदाराने एकदा जास्त घेतलेले पैसे परत आले हेही सांगतो. हा माणूस शेजारी असणं त्रासाचं आहे. पण पैशाच्या कागदावर सही करायची वेळ आली की आम्ही सगळे साधारण पंथीय तिसऱ्या मजल्यावर जातो.

तुमच्या कार्यक्रमातल्या गुंतवणूक खात्यात अनोळखी रोख दिसली, तर काका आता फोनवरही सल्ला देतात. फी घेत नाहीत. मात्र फोन करण्याआधी सुरुवातीच्या शिल्लकेची तारीख बघून ठेवा. लाभांश आपल्याकडे थेट बँकेत येतो, तो ब्रोकरच्या रोखीत तर टाकला नाही ना, तेवढं तपासा. रक्कम मोठी असली तर तो टीडीएस कापून येतो. बारा हजारांचे दहा हजार आठशे हातात पडतात, आणि लोक बारा लिहून मोकळे होतात. एकच नोंद दोनदा उतरली आहे का, ते पाहा. बायकोला विचारा. स्टेटमेंट छापून समोर ठेवा, ताऱ्यांच्या ओळींसकट. मग दुपारी चारनंतर फोन करा. आकडा पैशांसकट सांगा, आणि काहीही झालं तरी 'साधारण' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो ऐकला की काका फोन ठेवतात.